लांबची वाट, कमी वेळ



ज्या भूगोलशिक्षकांच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण आज समोर बसले आहेत. म्हणून विषय निवडताना मी भूगोलाशी इमान राखायचं ठरवलं. माझी नोकरी विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात झाली. उड्डाणापूर्वी विमानाचा मार्ग, इंधन, पर्यायी विमानतळ आणि हवामान यांचं गणित मांडून वैमानिकाच्या हाती कागद देणारी माणसं, ती आम्ही. त्या गणितातलाच एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अंतर किती, आणि जायला वेळ किती लागतो?

प्रश्न सोपा वाटतो. मोबाइलवर विचारलं तर क्षणात आकडा येतो: सुमारे १२,३८० किलोमीटर. पण एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून जायचं तेव्हा ते जवळजवळ १३,९०० किलोमीटर उडायचं. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने दिशाच बदलली. विमान पश्चिमेला न जाता पूर्वेला निघालं, बांगलादेश, म्यानमार, चीन, जपान ओलांडून प्रशांत महासागरावरून सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. हा मार्ग जवळजवळ १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्यापेक्षा चौदाशे किलोमीटरने लांब. आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत, अटलांटिकच्या मार्गापेक्षा दीड-दोन तास आधी.

जास्त अंतर कमी वेळात कापलं गेलं, आणि तेही त्याच विमानाने, तेवढ्याच इंजिनांच्या जोरावर. हे कसं घडतं ते आज सांगायचं आहे. दोन विमानतळांमधलं अंतर ही पृथ्वीने एकदाच ठरवून दिलेली गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते अंतर रोज नव्याने ठरतं. त्यात वाऱ्याचा वाटा असतो, यंत्राचा असतो, आणि मोठा वाटा असतो माणसामाणसांतल्या करारांचा आणि भांडणांचा.

सुरुवात पृथ्वीपासून करू. शाळेतल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्ये आफ्रिका आणि युरोप, उजवीकडे आपण, डाव्या टोकाला अमेरिका. मुलाला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला रेघ काढायला सांगा. तो इराण, तुर्कस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक आणि अख्खी अमेरिका ओलांडून आडवी रेघ काढेल. त्या नकाशावर त्याचं बरोबरच आहे. ज्या पद्धतीने तो नकाशा काढलेला असतो ती मर्केटरने १५६९मध्ये सागरी प्रवासासाठी तयार केली. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालवलं तर तो मार्ग या नकाशावर सरळ दिसतो, आणि खलाशांना तेवढंच हवं होतं. त्यासाठी मर्केटरने ध्रुवांकडचा भाग वाटेल तेवढा ताणला. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते त्यामुळेच.

आता इथे टेबलावर पृथ्वीगोल ठेवला आहे. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर धरतो, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणतो. तो कुठे जातो बघा. तो पश्चिमेला जात नाही आणि पूर्वेलाही फारसा जात नाही. तो निघतो जवळजवळ उत्तरेला, जरासा पूर्वेकडे कललेला. हिमालय, तिबेट, शिंज्यांग, मग चीन, कझाकस्तान आणि रशिया जिथे भेटतात तो अल्ताय पर्वत, तिथून सैबेरिया. उत्तर ध्रुवाच्या बाजूने ७५ अक्षांशांच्याही वर चढून हा दोरा आर्क्टिक समुद्र ओलांडतो, अलास्कावर उतरतो आणि कॅनडाच्या किनाऱ्याच्या बाहेरून सॅन फ्रान्सिस्कोला पोचतो. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा. मोबाइलवरचे १२,३८० किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी.

इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. आपल्या बहुतेक शाळांत भिंतीवर नकाशा असतो, पण पृथ्वीगोल असलाच तर मुख्याध्यापकांच्या कपाटात, काचेआड. मुलांच्या हातात तो येत नाही. जगाची दोन टोकं म्हणून जे देश आपण शिकलो ते बऱ्याचदा उत्तरेकडून एकमेकांचे शेजारी आहेत, हे दोरा ताणल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. रशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये बेरिंगची सामुद्रधुनी आहे, आणि ती सर्वांत अरुंद जागी फक्त ८५ किलोमीटरची आहे. गेल्या शतकातलं निम्मं राजकारण समजायला तो पृथ्वीगोल पुरेसा आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा उत्तरार्धही.

मग विमान त्या दोऱ्यावरून का जात नाही? पहिलं कारण जमिनीचं. विमानातल्या हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला विमान झटपट खाली, साधारण दहा हजार फुटांवर आणावं लागतं. प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणारे ऑक्सिजनचे मुखवटे मोजकीच मिनिटं पुरतात. तिबेटच्या पठाराची जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे आणि भोवतीची शिखरं त्याहून वर. तिथे खाली उतरायला जागा नाही. त्या भागावरून जायचं तर जादा ऑक्सिजन आणि संकटात बाहेर पडण्याच्या वाटा आधीच आखलेल्या असाव्या लागतात. म्हणून बहुतेक विमानं हिमालय आणि तिबेटला वळसा घालतात. दोऱ्याची लांबी वाढायला लागते ती इथून.

दुसरं कारण वाऱ्याचं. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या आयुष्यातला बराचसा काळ मी वाऱ्याचे तक्ते वाचण्यात घालवला आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

वसाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते. १९२०च्या दशकात ते टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. फुगा वर चढता चढता कुठे वाहत जातो त्यावरून वरच्या वाऱ्याचा वेग काढता येतो. त्यांना दिसलं की हिवाळ्यात आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक प्रचंड वेगवान प्रवाह आहे. त्यांनी १९२६मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचावं म्हणून एस्पेरांतो भाषेत लिहिलं. ओइशी त्या भाषेचे कळकळीचे पुरस्कर्ते होते. पण ती भाषा वाचणारे फारच थोडे निघाले आणि जपानबाहेर त्या शोधाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. अठरा वर्षांनी, नोव्हेंबर १९४४मध्ये, अमेरिकेची बी-२९ बाँबफेकी विमानं उंचावरून टोकियोवर गेली तेव्हा वैमानिकांना हाच वारा भेटला. पाठीशी घेऊन गेले तर विमान इतकं वेगात निघून जायचं की नेम धरता येईना, समोरून घेतला तर विमान जागच्या जागी लटकल्यासारखं व्हायचं आणि तोफांच्या माऱ्यात सापडायचं.

जपानला मात्र हा वारा ठाऊक होता. त्याच हिवाळ्यापासून जपानने कागदाचे मोठे फुगे हायड्रोजन भरून, खाली बाँब लटकवून या वाऱ्यावर सोडले. नऊ हजारांहून अधिक फुगे. कुणी वैमानिक नाही, इंजिन नाही, फक्त वारा. त्यातले काहीशे फुगे प्रशांत महासागर पार करून अमेरिकेत पोचले. ५ मे १९४५ रोजी ओरेगॉन राज्यातल्या जंगलात सहलीला गेलेल्या मंडळींना असा एक बाँब सापडला आणि त्याच्या स्फोटात एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं मृत्युमुखी पडली. दिल्लीहून निघालेलं विमान जपान ओलांडून प्रशांत महासागरावर येतं तेव्हा त्याच्या पाठीशी असतो तो हाच वारा. आज त्याच्यावर आजी-आजोबा नातवंडांना भेटायला जातात. वाऱ्याला माणसाच्या हेतूशी देणंघेणं नसतं, पण ते सहा जीव या प्रवाहाच्या इतिहासातून पुसता येत नाहीत.

या वाऱ्याला आज सगळे जेट स्ट्रीम म्हणतात. तो वाहतो त्याचं कारण थोडक्यात असं. विषुववृत्ताकडची हवा गरम आणि ध्रुवाकडची थंड. या दोहोंमधल्या फरकामुळे उंचावर हवा ध्रुवाकडे ढकलली जाते, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि पूर्वेकडे वाहू लागते. फरक जितका तीव्र तितका वारा जोरात. म्हणून हिवाळ्यात त्याला बळ येतं. जपानच्या डोक्यावर तर एका अंगाला सैबेरियाची गोठलेली हवा आणि दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागराची उबदार हवा, त्यामुळे तिथे त्याचा जोर जगात जवळजवळ सर्वांत जास्त. हिवाळ्यात तिथे ताशी तीनशे किलोमीटरच्या वरचा वारा मी तक्त्यांवर अनेकदा पाहिला आहे.

आपल्या डोक्यावरही असा एक प्रवाह आहे, पण उलट दिशेचा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात तो दाखवून दिला, आणि मोसमी पाऊस समजून घेताना आजही त्यांचा तो शोध लागतो. त्यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हवं.

आता पुन्हा २०१६च्या त्या उड्डाणाकडे. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत म्हणजे जमिनीच्या हिशेबाने सरासरी ताशी साधारण १,०५० किलोमीटर. अटलांटिककडून जाताना हीच सरासरी साडेआठशेच्या आसपास पडायची. भोवतालच्या हवेतून विमान दोन्ही वेळा सारख्याच वेगाने चाललेलं असतं. पण एकीकडे ती हवाच पुढे निघालेली असते, तर दुसरीकडे समोरून येत असते. आणि परत येताना? सॅन फ्रान्सिस्कोहून ते विमान पुन्हा पूर्वेलाच निघायचं, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून दिल्लीला. जाऊन येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण, आणि दोन्ही खेपांना वारा पाठीशी.

इथे बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांच्या मनातला एक गैरसमज दूर करतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमानाने पश्चिमेला जावं, मुक्कामाचं गाव आपणहून समोर येईल असं काहींना वाटतं. धावत्या डेक्कन क्वीनच्या डब्यात माशी उडते तेव्हा ती मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही, कारण डब्यातली हवा डब्याबरोबर चाललेली असते. वातावरणही तसंच पृथ्वीबरोबर फिरत असतं. फरक पडतो तो पृथ्वीच्या मानाने हवा जितकी पुढे-मागे सरकते तेवढ्याचाच, म्हणजे वाऱ्याचा.

याचा सर्वांत देखणा दाखला बोइंग कंपनीने नोव्हेंबर २००५मध्ये दिला. ७७७-२०० एलआर या विमानाचा पल्ला जगाला दाखवायचा होता. हाँगकाँगहून लंडन साडेनऊ-दहा हजार किलोमीटरवर, पश्चिमेला. विमान निघालं पूर्वेला, प्रशांत महासागर, अमेरिका खंड, अटलांटिक असं करत २१,६०२ किलोमीटर उडून २२ तास ४२ मिनिटांनी लंडनला उतरलं. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे या पृथ्वीवरचं कुठलंही ठिकाण कुठल्याही ठिकाणापासून जास्तीत जास्त वीस हजार किलोमीटरवर असतं, आणि हे विमान त्याहून लांब न थांबता गेलं. प्रवाशांनी भरलेलं विमान इतका पल्ला मारू शकत नाही, हे खरं. तरी यंत्राच्या बाजूने विचार केला तर अंतराचा प्रश्न त्या दिवशी सुटल्यात जमा होता.

यंत्राबद्दल आणखी थोडंसं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला पोचलं. आज तोच ७,२०० किलोमीटरचा प्रवास आपण नऊ-दहा तासांत करतो आणि उशीर झाला म्हणून कुरकुर करतो. लांब पल्ल्याच्या विमानाचं खरं ओझं इंधन असतं. ७७७-२०० एलआरच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं, आणि त्यातलं पुष्कळसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. त्यामुळे वारा थोडा जरी विरोधात गेला तरी आम्हाला माल उतरवावा लागे, कधी प्रवासीही कमी करावे लागत. तुम्हाला तिकिटावर दिसते ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, आणि ती त्या मोसमातल्या वाऱ्यांच्या अंदाजावरून काही महिने आधी ठरवलेली असते. प्रत्यक्ष मार्ग मात्र उड्डाणाच्या काही तास आधी, त्या दिवसाचा वारा पाहूनच निघतो. म्हणून एकाच क्रमांकाचं विमान सोमवारी एका देशावरून आणि गुरुवारी दुसऱ्याच देशावरून जाताना दिसतं.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर ठराविक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ मार्गावर कुठूनही आवाक्यात हवा. पूर्वी ही मर्यादा एक तासाची होती. १९८५मध्ये ती दोन तासांवर गेली, १९८८मध्ये तीन तासांवर, आणि बोइंग ७७७ला पुढे साडेपाच तासांपर्यंत परवानगी मिळाली. महासागर आणि ध्रुवप्रदेश दोन इंजिनांच्या विमानांना मोकळे झाले ते या नियमामुळे. इंजिनं भरवशाची झाली होती, नियमाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

पण नियमातला ‘विमानतळ’ म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे, हे ६ जून २०२३ रोजी दिसलं. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या ७७७च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकांनी विमान रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे सुखरूप उतरवलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी. तांत्रिकदृष्ट्या सगळं चोख झालं. पण मगदानला एवढ्या माणसांसाठी हॉटेलं नव्हती. प्रवाशांची सोय वसतिगृहासारख्या जागांत, जमिनीवर गाद्या टाकून झाली. गावातल्या लोकांनी जमेल तसं खाऊपिऊ घातलं, पण भाषा कळत नव्हती, जेवण सवयीचं नव्हतं, वृद्धांची औषधं सामानात अडकली होती. त्यातून रशिया आणि अमेरिका यांचे संबंध बिघडलेले आणि विमानात अमेरिकेचे नागरिकही होते, त्यामुळे वॉशिंग्टनमध्येही काळजी व्यक्त झाली. दुसऱ्या दिवशी मुंबईहून दुसरं विमान अन्न आणि इतर साहित्य घेऊन निघालं, आणि त्यानेच प्रवाशांना ८ जूनला सॅन फ्रान्सिस्कोला पोचवलं. पर्यायी विमानतळांच्या यादीत आम्ही अशी नावं रोज टाइप करायचो. त्या नावापाशी दोनशे माणसं रात्री झोपणार कुठे, हा प्रश्नही त्या यादीचाच भाग असला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. ध्रुवाजवळच्या मार्गांसाठी अमेरिकेच्या नियमांत अडकलेल्या प्रवाशांना सोडवून आणण्याची योजना आधीपासून तयार असावी लागते. तशी सक्ती सगळ्याच ओसाड भागांवरच्या मार्गांना असावी.

आता विमान त्या दोऱ्यावरून न जाण्याचं तिसरं कारण, परवानगी. डिसेंबर १९४४मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, शिकागो इथे राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार केला. भारतही त्या परिषदेत होता. त्या कराराचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. समुद्रावर जहाजाला मुक्तपणे जाता येतं, तसं दुसऱ्या देशाच्या आकाशात कुणालाच जाता येत नाही. त्यामुळे दोन विमानतळांमधल्या वाटेवर मधला प्रत्येक देश दार उघडायचं की नाही हे ठरवतो आणि दार उघडल्याचे पैसेही घेतो.

ही दारं बंद झाली की काय होतं ते शीतयुद्धात दिसलं. सोव्हिएत संघाचं आकाश परक्या विमानांना जवळजवळ बंद होतं. युरोपातून जपानला जाणारी विमानं अलास्कात अँकरेजला इंधन घ्यायला थांबत. कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोची सेवा १९५७मध्ये सुरू झाली, आणि त्या लहानशा शहराचा विमानतळ जगातल्या मोठ्या थांब्यांपैकी एक झाला. १९८३मध्ये फिनएअर कंपनीने हेलसिंकीहून टोकियोला न थांबता जाणारं विमान सुरू केलं. तेही उत्तर ध्रुवाला आणि अलास्काला वळसा घालून, तेरा-एक तासांत. त्याच वर्षी, १ सप्टेंबरला, अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. नव्वदच्या दशकात सैबेरियाचं आकाश खुलं होत गेलं, हेलसिंकी ते टोकियो नऊ-दहा तासांवर आलं आणि अँकरेजचे प्रवासी ओसरले. २०२२मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर ती दारं युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना पुन्हा लागली, आणि फिनएअरची विमानं तेरा तासांच्या त्याच जुन्या ध्रुवीय वाटेवर परतली. एवढ्या वर्षांत विमानं किती सुधारली, इंजिनं किती काटकसरी झाली! पण प्रवासाला लागणारे तास १९८३ला होते तिथेच आले.

भारतीय कंपन्यांना रशियाचं आकाश उघडं राहिलं. १५ ऑगस्ट २०१९ला एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान ध्रुवीय मार्गाने गेलं होतं. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला ध्रुवावरून विमान आणलं. पण आमचं दार शेजारी अडकलं. दिल्लीहून पश्चिमेला निघालेलं विमान थोड्याच वेळात पाकिस्तानच्या हद्दीशी येतं. २०१९मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते आकाश बंद होतं. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ला ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं, आणि भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग दिल्लीचं विमान आधी दक्षिणेला वळून अरबी समुद्रावर यायचं, तिथून आखातावरून युरोपकडे. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. न थांबता जाणारी सेवा थांबत जाऊ लागली. १ सप्टेंबर २०२५पासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्याच्या कारणांत हेही एक होतं.

देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकार घेतं आणि तो मी इथे तपासायला बसलेलो नाही. पण बंद आकाशाचा हिशेब मांडताना इंधनाचे टन मोजले जातात, तसे माणसांचे तासही मोजले जावेत असं मला फार वाटतं. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर इथल्या कितीतरी घरांतली मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सनीव्हेल, फ्रीमाँट, सॅन होजे भागांत राहतात. मुलीच्या, सुनेच्या बाळंतपणाला आई जाते ती साठीची असते, कधी सत्तरीची. डिसेंबर २०२२मध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू झालं तेव्हा या घरांना झालेला आनंद तासांत मोजण्यासारखा नव्हता. इंग्रजी न येणाऱ्या आईला परक्या विमानतळावर गेट शोधत पळावं लागणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. आकाशाच्या भांडणात एक थांबा वाढतो, तेव्हा पहिला भार तिच्या गुडघ्यांवर येतो.

तिच्या शरीराचाही एक वेगळा हिशेब आहे. कॅलिफोर्निया आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास. २०१६चं ते प्रशांत मार्गाचं पहिलं विमान रविवारी पहाटे दिल्लीहून निघालं, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून शनिवारात शिरलं, आणि पुन्हा रविवारच्या पहाटेच सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. घड्याळ म्हणतं दोन-अडीच तास झाले, पाय म्हणतात साडेचौदा. झोप, भूक आणि औषधाच्या वेळा नव्या घड्याळाला जुळायला साधारण तासाला एक दिवस धरावा, म्हणजे आठवड्याच्या वर. मुलांनी आईवडिलांना उतरल्यादिवशी पाहुण्यांना भेटवायला नेऊ नये. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात आणि वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांना निघण्याआधी विचारावं. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालावं, बसल्या जागी पोटऱ्या हलवाव्यात. इतका वेळ पाय लोंबकळत राहिले तर शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका खरा असतो.

तिकीट काढताना माझ्याकडे बरेच जण सल्ला विचारतात. मी एवढंच सांगतो. किलोमीटर पाहू नका. एकूण तास पाहा, थांबा कुठे आहे आणि तिथे विमान बदलायचं आहे की नुसतं बसून राहायचं आहे ते पाहा, आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे जात असाल तर छापील वेळेत थोडी भर धरून पलीकडची गाडी ठरवा. थांबा टळत नसेल तर वयस्कर माणसांसाठी तीन-चार तासांचा थांबा तासाभराच्या थांब्यापेक्षा बरा. व्हीलचेअर मागायला संकोच करू नये, ती तिकीट काढतानाच नोंदवावी.

हा पृथ्वीगोल आणि दोरा मी वाचनालयाला देऊन जातो आहे. त्याला कुलूप लावू नका, मुलं हाताळताना फुटला तर दुसरा पाठवतो. आता प्रश्न असतील तर घेऊ.